पॅट्रिक युइंगना ठेवायचं की नारळ द्यायचा? जॉर्जटाऊनच्या कोचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोचची खुर्ची डळमळते, आणि मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत मला तेच प्रश्न येतात. कोच बदलतात, कॉलेजं बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदाच, एकाच प्रकरणाला धरून उत्तरं लिहून ठेवतोय: वॉशिंग्टनचं जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि पॅट्रिक युइंग, २०१७ ते २०२३. मी या शहराच्या मेट्रोच्या टप्प्यात राहतो, या संघाचे सामने तिकीट काढून बघतो, त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

आधी निकाल सांगा. ठेवायला हवं होतं की काढायला?

मार्च २०२१ मध्ये ठेवायला हवं होतं. मार्च २०२२ मध्ये काढायला हवं होतं. प्रत्यक्षात काढलं ९ मार्च २०२३ ला. खालचा सगळा प्रपंच त्या मधल्या एका वर्षाबद्दल आहे.

युइंग म्हणजे ते न्यूयॉर्क निक्सवालेच ना?

तेच. नव्वदच्या दशकात रात्री उशिरा जागून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणाऱ्यांना ३३ नंबरचा, सात फुटी, घामाने निथळणारा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) आठवत असेल. जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा, १९६२ चा. शाळकरी वयात अमेरिकेत आले, मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये वाढले. १९८१ ते १९८५ जॉर्जटाऊनकडून खेळले. त्या चार वर्षांत संघ तीनदा राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडून एका गुणाने हरला, तो निर्णायक बास्केट मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने टाकला होता. १९८४ मध्ये ह्यूस्टनला हरवून विजेता झाला. १९८५ मध्ये व्हिलानोव्हाकडून ६६-६४ असा हरला. जॉर्जटाऊनचं हे एकमेव राष्ट्रीय विजेतेपद. त्या कॉलेजात युइंग हे नाव काय वजनाचं आहे, हे एवढ्यावरून कळावं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल: युइंग चारही वर्षं तिथेच राहिले आणि पदवी घेऊनच बाहेर पडले.

कॉलेजचा कोच बदलायला एवढा गोंधळ कशाला? आपल्याकडे पीटीचे सर बदलतात, कोणाला पत्ताही लागत नाही.

हा प्रश्न मंडळातल्या एका काकांचा, शब्दशः. काका, इथला कोच म्हणजे पीटीचे सर नव्हेत. देशातली शेकडो कॉलेजं पहिल्या श्रेणीत खेळतात, त्यांतली ६८ मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेला जातात, आणि ती स्पर्धा दूरचित्रवाणीवर अब्जावधी डॉलरना विकलेली आहे. बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो.

दुसरं असं, की क्रिकेटच्या संघात खेळाडू निवड समिती देते. इथे संघ कोच स्वतः जमवतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन आईसमोर सोफ्यावर बसायचं आणि तुमचा मुलगा माझ्याकडे द्या म्हणायचं, हे त्याचं निम्मं काम. मुलं कोचचं तोंड बघून येतात. म्हणून कोच गेला की संघही जातो. "आमच्याकडे खेळाडूच चांगले नव्हते" असं हा कोच म्हणू शकत नाही. खेळाडू कोणी आणले?

आकडे काय म्हणतात?

पहिलं वर्ष १५ विजय, १५ पराभव. दुसरं १९-१४. तिसरं १५-१७. चौथं १३-१३. पाचवं ६-२५. सहावं ७-२५. बेरीज ७५ विजय आणि १०९ पराभव.

बिग ईस्ट ही जॉर्जटाऊनची परिषद, म्हणजे ज्या गटातल्या कॉलेजांशी दरवर्षी घरी आणि बाहेर खेळावं लागतं तो गट. शेवटच्या दोन वर्षांत या गटातल्या साखळी सामन्यांत विजय २, पराभव ३७. त्यातल्या पहिल्या वर्षी शून्य विजय आणि १९ पराभव. शाळेत आमच्या वेळी गणिताच्या पेपरात भोपळा मिळवणारा एखादा असायचा, पण त्यालाही एकोणीस पेपरांत एकोणीस भोपळे मिळाल्याचं आठवत नाही.

पण २०२१ मध्ये त्यांनी बिग ईस्टचा चषक जिंकला होता ना?

जिंकला होता, आणि तोच सगळा घोळ आहे. ही गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल.

२०२०-२१ च्या हंगामाआधी गटातल्या अकरा संघांत जॉर्जटाऊन अकरावं येणार, असा कोचमंडळींचा अंदाज होता. ऑगस्ट २०२० मध्ये युइंगचे गुरू जॉन थॉम्पसन वारले. कोविडचा हंगाम, मोकळी स्टेडियमं, सामने रद्द होताहेत. संघ कसाबसा आठवा आला. मार्चमध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गटाची बाद फेरीची स्पर्धा. आणि तिथे हा आठवा संघ चार दिवसांत चार सामने जिंकून गेला. मार्केट विद्यापीठाला हरवलं, अव्वल मानांकित व्हिलानोव्हाला ७२-७१ असं हरवलं, सीटन हॉलला हरवलं, आणि १३ मार्चला अंतिम सामन्यात क्रायटनचा ७३-४८ असा धुव्वा उडवला. बरोबर ४९ वर्षांपूर्वी त्याच तारखेला थॉम्पसनना जॉर्जटाऊनने कोच नेमलं होतं. असले योगायोग कादंबरीत लिहिले तर संपादक कापून टाकेल.

त्याच आठवड्यातला एक किस्सा. व्हिलानोव्हाच्या सामन्यानंतर युइंगनी पत्रकारांसमोर तक्रार केली, की गार्डनमधले सुरक्षारक्षक मला जागोजागी अडवून पास मागताहेत. ज्या इमारतीत पंधरा वर्षं खेळलो, जिच्या छताला माझी जर्सी टांगलेली आहे, तिथे मला ओळख दाखवावी लागते! मालकांनाच फोन करावा लागेल म्हणाले. सगळे हसले, तेही हसतच बोलत होते, पण डोळे हसत नव्हते असं मला वाटलं.

मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि पहिल्याच सामन्यात कोलोरॅडोकडून ९६-७३ असा पराभव. पण चषक तर कपाटात आला होता. त्या मार्चमध्ये युइंगना काढा म्हणणाऱ्याला मी वेड्यात काढलं असतं.

मग पुढच्या वर्षी नेमकं बिनसलं काय?

ये रे माझ्या मागल्या. मागल्यापेक्षाही वाईट.

चषक जिंकणाऱ्या संघातले मोठे खेळाडू पदवी घेऊन गेले, आणि ज्याच्याभोवती पुढचा संघ उभा राहायचा तो उंचपुरा सेंटर कुडुस वहाब शेजारच्याच मेरीलँडला निघून गेला. नव्या हंगामाचा पहिला सामना डार्टमथकडून हरले. डार्टमथ म्हणजे जिथे बास्केटबॉलसाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत असं कॉलेज. तरी पहिल्या दहा सामन्यांत सहा जिंकले, जुने वैरी सिरॅक्यूजही त्यांत होते. त्यानंतर त्या हंगामात एकही सामना जिंकला नाही. ओळीने एकवीस पराभव.

त्यातला फेब्रुवारी २०२२ मधला एक मी प्रत्यक्ष बघितला. गॅलरी प्लेस स्टेशनातून सरकत्या जिन्याने वर आलं की थेट स्टेडियमच्या दारात. वीस हजारांची जागा. आमच्या पुढच्या तीन रांगांत मिळून एक आजोबा आणि त्यांचा कोट, कोटाला वेगळी खुर्ची. मास्कच्या आडून विद्यार्थ्यांचा 'होया सॅक्सा'चा घोष येत होता, तो निम्म्यात विरायचा, पुन्हा कोणीतरी एकटा सुरू करायचा. मध्यंतरापर्यंत सामना बरोबरीचा होता. शेवटच्या सहा-सात मिनिटांत जॉर्जटाऊनच्या पोरांनी जे केलं त्याला खेळ म्हणता येणार नाही: प्रत्येक जण चेंडू घेऊन एकटाच आत घुसायचा, बाकीचे चौघे उभे राहून बघायचे, जणू रिक्षाची वाट बघताहेत. युइंग बाकासमोर उभे होते. कमरेवर हात. मध्येच त्यांनी टाइमआउट घेतला, पोरं गोल करून बसली, आणि त्यांतला एक जण पूर्ण वेळ वर लटकलेल्या मोठ्या पडद्याकडे बघत होता. मी तेव्हाच बायकोला म्हटलं, संपलं. हरण्याचं काही वाटलं नाही, त्या पोराच्या मानेचं वाटलं.

दोष कोचचा, की नियम बदलले त्याचा?

दोन्ही. पण वाटण्या सारख्या नाहीत.

पूर्वी एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलं तर खेळाडूला साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं, म्हणजे जायचंय त्याने यादीत नाव टाकायचं. एप्रिल २०२१ मध्ये, चषकानंतर महिन्याभरातच, एकदा बदली केली तर बाहेर बसायची अट काढून टाकली. आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. एका उन्हाळ्यात सगळा बाजार बदलला. युइंगनी ज्या जगात चार वर्षं काढली होती ते जगच राहिलं नाही.

ही झाली त्यांची बाजू. आता दुसरी. गळती २०२१ मध्ये सुरू झाली नव्हती. २०१८-१९ मध्ये युइंगकडे पहिल्या वर्षाचे तीन जबरदस्त खेळाडू होते: जेम्स अकिंजो, मॅक मॅक्लंग आणि जॉश लब्लांक. अकिंजो तर त्या वर्षी बिग ईस्टचा सर्वोत्तम नवोदित ठरला. डिसेंबर २०१९ मध्ये अकिंजो आणि लब्लांक भर हंगामात गेले, २०२० च्या उन्हाळ्यात मॅक्लंग गेला. तिघांतला एकही दोन पूर्ण हंगामांच्या पुढे टिकला नाही. म्हणजे बाहेर बसायची अट होती तेव्हाही पोरं हा संघ सोडून जात होती. मॅक्लंगने पुढे एनबीएची डंक स्पर्धा (उंच उडी मारून चेंडू थेट बास्केटात कोंबण्याची) तीनदा ओळीने जिंकली, २०२३ पासून. दर वेळी टीव्हीवर ते बघताना जॉर्जटाऊनवाले एकमेकांकडे बघत नाहीत.

पाऊस सगळ्यांच्याच छपरावर पडला. गळलं कोणाचं, हे बघायला नको का?

शशेवस्कींना तीन वर्षं सांभाळलं म्हणून ड्यूक मोठं झालं. धीर धरायला नको होता का?

हा युक्तिवाद प्रत्येक डळमळत्या कोचच्या बाजूने येतो. शंभर टक्के येतो. म्हणून त्याचा एकदा नीट हिशेब करू.

माइक शशेवस्की १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठाला कोच म्हणून आले, आधीच्या कॉलेजातला शेवटचा हंगाम ९-१७ असा असताना. ड्यूकमधली पहिली तीन वर्षं: १७-१३, १०-१७, ११-१७. तिसऱ्या वर्षाचा शेवट व्हर्जिनियाकडून १०९-६६ अशा मारहाणीने. देणगीदार पेटले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्सनी त्यांना काढलं नाही, उलट १९८४ च्या सुरुवातीला करार वाढवून दिला. पुढचं जगाला माहीत आहे: पाच राष्ट्रीय विजेतेपदं, हजाराच्या वर विजय, २०२२ मध्ये निवृत्ती.

आता या गोष्टीतला तो भाग, जो सांगणारे गाळतात. त्या ११-१७ च्या हंगामात ड्यूककडून खेळत कोण होतं? जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास, डेव्हिड हेंडरसन. सगळे पहिल्या वर्षाचे. आज हरणारी ही पोरं तीन वर्षांनी एकवीस-बावीसची होणार आणि इथेच असणार, हे बटर्सना दिसत होतं. झालंही तसंच, १९८६ मध्ये हाच गट राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला. बटर्सनी धीर धरला तो डोळे मिटून नव्हे. वाफ्यात रोपं दिसत होती म्हणून त्यांनी पाणी घालणं चालू ठेवलं.

मार्च २०२२ मध्ये जॉर्जटाऊनच्या वाफ्यात काय होतं? सर्वांत गुणी पोरगा, अमिनू मोहम्मद, एका वर्षात व्यावसायिक खेळाकडे गेला. बाकीच्यांतलेही बरेच पांगले. पुढच्या हंगामात युइंगनी दुसऱ्या कॉलेजांतून खेळाडू गोळा करून जवळपास नवाच संघ उभा केला, तो वहाबही मेरीलँडहून परत आला. रोपं नव्हतीच, दरवर्षी कुंड्या विकत आणायच्या होत्या. तिथे कशाला धीर धरायचा?

एवढा मोठा खेळाडू. चांगला कोच का झाला नाही?

आपल्याला हा प्रश्न पडू नये खरं तर. आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. आणि शिवाजी पार्कवर त्यांनी काय उभं केलं ते नव्याने सांगायला नको.

कॉलेजच्या आवारात देवासारखा पुजलेला माजी खेळाडू कोच म्हणून आणण्याची खोड इथे जुनी आहे. ख्रिस मलिननी सेंट जॉन्समध्ये चार वर्षांत ५९-७३ केलं. क्लाइड ड्रेक्सलरनी ह्यूस्टनमध्ये दोन वर्षांत १९-३९. लुईव्हिलच्या १९८६ च्या विजेत्या संघातले केनी पेन त्याच लुईव्हिलचे कोच झाले आणि दोन वर्षांत १२-५२ करून गेले. अपवाद आहेत, पण यादी लांब आहे.

युइंगच्या बाबतीत न्यायाने हेही सांगायला हवं, की ते फुकटचे आले नव्हते. निवृत्तीनंतर एनबीएत डझनभर हंगाम साहाय्यक कोच म्हणून घासले. वॉशिंग्टन, ह्यूस्टन, ऑरलँडो, शार्लट. मुख्य कोचची जागा त्यांना एनबीएने कधी दिली नाही, आणि हा सल त्यांच्या बोलण्यात यायचा. पण ते काम मोठ्या पगाराच्या प्रौढ माणसांना शिकवण्याचं. अठरा वर्षांच्या पोराच्या घरी सोफ्यावर बसायचं काम त्यांनी २०१७ पूर्वी एक दिवसही केलं नव्हतं.

२०२२ मध्येच का काढलं नाही?

थॉम्पसनमुळे. आणि थॉम्पसन तोवर हयात नव्हते.

हे समजायला १९७२ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी जॉर्जटाऊनचा संघ ३-२३ असा संपला होता. वॉशिंग्टन बहुसंख्य काळ्या लोकांचं शहर, आणि टेकडीवरचं हे जेझुइट (कॅथलिक पंथीय) कॉलेज जवळपास सगळं गोरं. त्यांनी शहरातल्या एका शाळेचा कोच आणला, सहा फूट दहा इंचांचे जॉन थॉम्पसन. खांद्यावर पांढरा टॉवेल. कार्यालयात हवा काढलेला बास्केटबॉल ठेवायचे, पोरांना सांगायला, की चेंडूतली हवा गेल्यावर तुमच्याकडे काय उरणार आहे ते बघा. १९८४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकणारे ते पहिले काळे कोच ठरले. चार वर्षं टिकलेल्या त्यांच्या खेळाडूंपैकी ९७ टक्क्यांनी पदवी घेतली. युइंग हे त्या सगळ्याचं चालतंबोलतं फळ. त्यांना काढणं म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याला हात लावणं.

आणि तरी बघा. थॉम्पसन यांच्या सख्ख्या मुलाला, जॉन थॉम्पसन तिसरे यांना, याच विद्यापीठाने २०१७ मध्ये काढलं. त्यांनी २००७ मध्ये संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत नेलं होतं. त्यांची शेवटची दोन वर्षं १५-१८ आणि १४-१८. एवढ्यावर खुद्द मुलाला निरोप मिळतो, आणि शिष्याला ६-२५ नंतर आणखी एक वर्ष मिळतं. ही विसंगती मला कोणी अजून पटेल अशी समजावून दिलेली नाही. माझा अंदाज असा, की एकदा देव्हाऱ्याला हात लावल्यावर दुसऱ्यांदा लावायचं धाडस होत नव्हतं. शिवाय आदल्या वर्षीचा चषक होताच दाखवायला.

मार्च २०२२ मध्ये क्रीडा संचालक ली रीड यांनी आपण युइंगच्या पाठीशी असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे "मुख्यमंत्र्यांवर श्रेष्ठींचा पूर्ण विश्वास आहे" अशी बातमी आली की शपथविधीची तयारी सुरू होते, तेच इथेही असतं. फक्त यांनी वर्षभर घेतलं.

बायआउट म्हणजे काय? त्याच्यामुळे अडलं का?

करार संपायच्या आत कोचला काढलं तर उरलेल्या पगारातला ठरलेला हिस्सा द्यावा लागतो, तो बायआउट. इंडियाना विद्यापीठाने २०२१ मध्ये आर्ची मिलरना काढलं तेव्हा ही रक्कम एक कोटी डॉलरच्या वर होती, आणि ती खासगी देणगीदारांनी भरली. हरणाऱ्या माणसाला घरी बसवायला लोक खिशातून पैसे काढतात, इथल्या वेडाची कल्पना यावरून करा. जॉर्जटाऊन खासगी असल्यामुळे त्यांना कोचचा करार उघड करावा लागत नाही. सरकारी विद्यापीठाचा करार पत्रकार मागून घेतात आणि आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात असतो. तेव्हा पैशामुळे अडलं, असं छातीठोक सांगणाऱ्याकडून पुरावा मागा.

आकडे बाजूला ठेवले तर ठेवायचं की काढायचं हे कसं ठरवायचं?

मी विजय-पराभवांचा तक्ता बघत नाही. मी बाक बघतो. पुढच्या नोव्हेंबरला यांतले कोण कोण इथेच बसलेले असतील? चांगली पोरं या माणसाकडे राहायला तयार आहेत का? राहत असतील तर दहा-वीस पराभव सोसावेत. जात असतील, तर चषकाच्या वर्षीही कान टवकारावेत. २०२१ ला माझं इथेच चुकलं. चषकाच्या झगमगाटात वहाब गेला त्याची मी फारशी फिकीर केली नाही.

आणि कोच हरल्यावर काय बोलतो ते ऐकतो. युइंग शेवटपर्यंत ताठ होते, कोणा पोराचं नाव घेऊन खापर फोडल्याचं मी ऐकलं नाही. माणूस म्हणून याचं मोल आहे. पण पुढच्या वर्षी काय वेगळं करणार, याचं उत्तरही त्यांच्याकडून आलं नाही.

कोचला काढलं की मुलांचं काय होतं?

शिष्यवृत्ती कोचबरोबर जात नाही, ती विद्यापीठाची असते. २०२३ मध्ये नियम असा होता, की कोच गेल्यावर खेळाडूंना पोर्टलमध्ये नाव टाकायला ३० दिवस मिळत. बहुतेक जण टाकतात. कोणी नव्या कोचची वाट बघतो, कोणी जुन्यामागे जातो. आईबाप रात्री फोनवर असतात. 'काढा, काढा' असं ओरडताना हे डोळ्यांसमोर असलेलं बरं. ओरडू नका असं म्हणत नाही, मीही ओरडलोय.

कॉलेजच्या पदवीच्या किमतीवर याचा परिणाम होतो का? मुलीला तिथे प्रवेश मिळालाय.

नाही. पाठवा.

'होया' म्हणजे काय? आपलं 'होय' का?

'होया सॅक्सा' या घोषातला शब्द. ग्रीक आणि लॅटिनची खिचडी, अर्थ साधारण 'काय हे दगड!' असा. कोणाला उद्देशून, यावर जुन्या विद्यार्थ्यांत अजून वाद आहे. २०२२ मध्ये मला तो आपल्याच बचावफळीला उद्देशून वाटायचा.

नवीन कोच आल्यावर सुधारलं का? नसेल तर युइंगचाच दोष होता असं कसं म्हणता?

चांगला प्रश्न, आणि युइंगच्या चाहत्यांचा आवडता. मार्च २०२३ मध्ये एड कूली आले, गटातल्याच प्रॉव्हिडन्समधून. तिथे त्यांनी बारा वर्षं काढली होती. त्यांचा जॉर्जटाऊनमधला पहिला हंगाम ९-२३, आणि गटात २-१८. युइंगच्या शेवटच्या हंगामाचा गटातला आकडाही २-१८ होता. तंतोतंत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नऊ विजय. दुसऱ्या वर्षी मात्र १८-१६.

याउलट लुईव्हिलने पेनना दोन वर्षांत निरोप दिला, पॅट केल्सी आले आणि पहिल्याच हंगामात २७-८. मिशिगनने आपल्याच माजी खेळाडूला, ज्वान हॉवर्डना, ८-२४ च्या हंगामानंतर २०२४ मध्ये काढलं आणि पुढच्याच वर्षी २७ सामने जिंकले. तेव्हा कोच बदलला की जादू होते हेही खरं नाही, आणि काही होत नाही हेही नाही. रिकाम्या वाफ्यात नव्या माळ्यालाही पहिल्या वर्षी मातीच उकरावी लागते. ती माती जॉर्जटाऊनला एक वर्ष आधी उकरायला घेता आली असती. माझी तक्रार एवढीच.

शेवट कसा झाला? आणि युइंग आता कुठे आहेत?

२४ जानेवारी २०२३ ला डीपॉलला ८१-७६ असं हरवून गटातल्या साखळी सामन्यांतली ओळीने २९ पराभवांची मालिका संपली. लोकांनी जल्लोष केला, आणि जल्लोष करताना थोडी लाजही वाटली. ८ मार्चला पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन, गटाच्या स्पर्धेची पहिली फेरी, समोर व्हिलानोव्हा. दोन वर्षांपूर्वी याच स्पर्धेत ज्यांना एका गुणाने हरवलं होतं ते. यावेळी ८०-४८. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निवेदन काढलं.

२०२४ मध्ये निक्सनी युइंगना परत बोलावलं, संघाचे बास्केटबॉल सदिच्छादूत म्हणून. त्यामुळे आता ते अधूनमधून गार्डनमध्ये दिसतात, छतावरच्या ३३ नंबरच्या खाली. दारावर आता कोणी पास मागत नसावं.